अमेरिकेत अप्लाय करताय? मेजर आणि एक्स्ट्रा मटेरियलचं जरा बघा

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठला टाकायचा यावरून घरात वाद घालण्याआधी ते कॉलेज मेजर बघून ॲडमिशन देतं का हे बघा. एमआयटीत पहिल्या वर्षी मेजर नसतंच, फॉर्मवर लिहिलेल्याने कोणी बांधून घेत नाही. पण इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन किंवा कार्नेगी मेलन या विद्यापीठांत ज्या प्रोग्रॅमला अर्ज केला त्याच रांगेत तुम्ही उभे, त्यामुळे "आधी सोप्या मेजरमधून आत घुस, मग कॉम्प्युटर सायन्सला उडी मार" असं जे एखादे काका छातीठोक सांगतात ना ते तिथे फार अवघड जातं.

आता एक्स्ट्रा मटेरियल, म्हणजे फॉर्मसोबत जादा पाठवायचं ते. माझ्या भाच्याने एलिमेंटरी-इंटरमिजिएट ड्रॉइंगपासून अबॅकसपर्यंत सगळी सर्टिफिकेटं स्कॅन करून जाडजूड पीडीएफ केली होती, लॅमिनेशनसकट! मी म्हटलं बाबा रे, हे कोण वाचणार. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या फॉर्मसोबत तर सर्टिफिकेटं जोडायचीच नसतात. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म) ॲक्टिव्हिटीचे 10 रकाने आहेत, वर्णनाला प्रत्येकी 150 कॅरॅक्टर, सर्टिफिकेटातलं सांगण्यासारखं तिथे आणि ऑनर्समध्ये, म्हणजे बक्षिसांच्या रकान्यात, बसतं.

पाठवायचंच तर कॉलेज स्वतः जागा देतं तिथे पाठवा, म्हणजे एमआयटीचा मेकर पोर्टफोलिओ (स्वतः बनवलेल्या वस्तू दाखवायची जागा) वगैरे. भाच्याने शेवटी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या यंत्राचा छोटा व्हिडिओ केला, त्यात पाइप सुटून सगळी गच्ची भिजली तोही तुकडा ठेवला आणि नंतर क्लॅम्प कसा बदलला ते दाखवलं. आणि हो, पोर्टफोलिओची डेडलाइन वेगळी असू शकते, फॉर्म भरायला घ्याल त्याच दिवशी बघून ठेवा.