चाळिशीत बॅडमिंटन सुरू करताय? या चुका टाळा

शाळेत पीटीच्या तासाला झाडाखाली बसून राहिलेल्या माणसासाठी बॅडमिंटनच्या डबल्सइतका सोयीचा खेळ दुसरा नाही. क्रिकेटला माणसं जमत नाहीत, टर्फवरच्या फुटबॉलला दम पुरत नाही आणि पोहताना गप्पा होत नाहीत. इथे चार माणसं पुरतात, प्रत्येकाला अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं, आणि दोन रॅलींच्या मधे एकमेकांची टर उडवायला वेळही मिळतो. तरीही जानेवारीत आलेली निम्मी मंडळी होळीपर्यंत गायब होतात. खेळ जमला नाही म्हणून सहसा कोणी जात नाही. पाय दुखावतो, नाहीतर पैसे खटकतात, नाहीतर रुसवेफुगवे होतात.

आधी रॅकेट, मग खेळ. हे दृश्य ठरलेलं आहे. नवा गडी सात-आठ हजारांची, डोक्याकडे जड आणि ताठ दांड्याची रॅकेट घेऊन येतो. दुकानदाराने २८ पौंडांच्या ताणावर गटिंग (रॅकेटच्या जाळीच्या तारा ओवणं) करून दिलेलं असतं, कारण ‘प्रो लोक तेच वापरतात’. गटिंग जितकं ताणलेलं, तितका शटल नीट बसण्याचा मधला भाग लहान होतो. नवशिक्याचा फटका निम्म्या वेळा कडेला लागतो, म्हणून शटल नेटपर्यंतही जात नाही. मग हा आणखी जोर काढतो आणि कोपर धरून बसतो. कडेला बसलेल्या फटक्याने एक दिवस गटिंगही तुटतं. दीड-दोन हजारांची, ८० ते ८४ ग्रॅमची (रॅकेटवर ४यू असं लिहिलेलं असतं), लवचिक दांड्याची रॅकेट घ्या आणि गटिंग २० ते २२ पौंडांवर ठेवा. पहिला महिना कोणाची तरी जुनी रॅकेट मागून खेळलात तर फारच उत्तम. ग्रिपवरची पट्टी गुळगुळीत झाली की बदला, तिथे काटकसर नको.

पिसांचं शटल. पिसांच्या शटलचा आवाज गोड, उड्डाण सुंदर, पण तिरका फटका बसला की पीस मोडतं आणि शटल डुगडुगायला लागतं. नवशिक्यांच्या हातात तासाला तीन शटल सहज जातात. एक दीडशेला धरलं तर साडेचारशे झाले, म्हणजे बऱ्याच ठिकाणी कोर्टाच्या भाड्याहून जास्त. नायलॉनचं घ्या, ते कित्येक खेळ टिकतं. डब्यावरचा आणि शटलवरच्या पट्टीचा रंग बघा: हिरवा म्हणजे संथ, निळा मध्यम, लाल वेगवान. गरम हवेत शटल जास्त लांब जातं, म्हणून उन्हाळ्यात हिरवा आणि एरवी निळा. लालच्या वाटेला जाऊ नका.

वॉर्मअप न करता कोर्टात उतरणं. याबद्दल बोलून तोंड दुखलंय. माणूस दिवसभर खुर्चीत असतो, ट्रॅफिकमुळे दहा मिनिटं उशिरा येतो, ‘स्लॉट वाया जातोय’ म्हणत बूट बांधता बांधता थेट गेममध्ये शिरतो. तिसऱ्या-चौथ्या रॅलीला नेटजवळ हळूच टाकलेल्या शटलसाठी (ड्रॉप) झेपावतो आणि ‘मागून कोणी लाथ मारली?’ म्हणत वळून बघतो. मागे कोणी नसतं. टाचेमागची शीर, म्हणजे ॲकिलिस, तुटलेली असते. तिशी ते पन्नाशीतल्या अधूनमधून खेळणाऱ्यांची ही अगदी नेहमीची दुखापत आहे, आणि पुढे कित्येक महिने खेळ बंद. उशीर झाला तर गेम सोडा, वॉर्मअप सोडू नका. सात मिनिटं पुरतात: दोन मिनिटं जागच्या जागी हलकं धावणं, भिंतीला धरून टाचा वीसदा वर-खाली, दोन्ही बाजूंना दहा-दहा लंज (एक पाय लांब टाकून गुडघ्यात वाकणं), खांदे फिरवणं, मग हळूहळू टॉस (उंच, मागे जाणारा फटका). पाय ताणून धरून ठेवायचे ते खेळ संपल्यावर. मागे जाणारा टॉस घ्यायला उलट्या पावली पळू नका, आधी आडवे वळा. पडतात ते बहुतेक तिथेच पडतात.

बूट. धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, त्यामुळे बाजूला सरकताना घोटा मुरगळतो. नॉन-मार्किंग रबरी तळव्याचे कोर्ट शूज पिशवीतून न्या, हॉलमध्ये घाला. रस्त्यावरून घालून आलात तर धुळीने घसराल.

रॅकेट तव्यावरच्या उलथन्यासारखी धरणं. रॅकेटची कड जमिनीकडे ठेवा आणि मुठीशी हस्तांदोलन करा. पकड सैल हवी, घट्ट फक्त फटक्याच्या क्षणी.

नेटजवळ उभं राहून पार्टनरकडे वळून बघणं. डोळ्याला शटल लागतं ते असंच, तेही स्वतःच्याच पार्टनरचं. समोर बघा.

चौघांचाच ग्रुप करणं. ग्रुप मोडतात ते इथे. चौघांतला एक आजारी पडला की त्या दिवशीचा खेळ बोंबलला. आठ जण आले तर तासात प्रत्येकाच्या वाट्याला तीसच मिनिटं येतात, आणि चिडचिड सुरू होते. एका कोर्टाला सहा ही बरोबर संख्या: चार खेळतात, दोन बसतात, प्रत्येकाला चाळीस मिनिटं मिळतात आणि गप्पाही होतात. यादी आठांची ठेवा, दोघं कायम गैरहजर असतातच. गेम २१ ऐवजी १५ गुणांचा ठेवा, हरलेली जोडी बाहेर. मात्र कोणी लागोपाठ दोनदा बसायचं नाही, नाहीतर कच्चे गडी बाकावरच म्हातारे होतात. जोड्या दर गेमला बदला, एक पक्का आणि एक कच्चा अशा. नवऱ्या-बायकोला एका बाजूला कधीच ठेवू नका.

पैशांचं आधीच ठरवा. तासाला चारशेचं कोर्ट, आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्याला साधारण ३,२०० रुपये. वर नायलॉन शटलचा हजाराचा डबा. यादीतल्या आठ जणांत प्रत्येकी सव्वापाचशे पडतात. हे महिन्याच्या एक तारखेला घ्यायचे, आला नाही तरी परत नाही. दर वेळी ‘आज कोण कोण होतं?’ असा हिशोब करणारे ग्रुप दोन महिन्यांत बंद पडतात, कारण वसुली करणारा एकटा माणूस कंटाळतो.

पहिल्याच महिन्यात जंप स्मॅश. व्हिडिओ बघा, मजेसाठी. त्या महिन्यात फक्त दोन गोष्टी शिका: कोर्टात पडणारी सर्व्हिस आणि मागच्या रेघेपर्यंत जाणारा टॉस. एवढ्या भांडवलावर पक्का पार्टनर तुम्हाला आनंदाने सोबत घेईल. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही. ते स्मॅश मारतात, शटल नेटमध्ये जातं, आणि मग रॅकेटकडे रागाने बघतात.

सोसायटीच्या आवारात संध्याकाळी खेळणं. वाऱ्यात नायलॉनचं शटलही भरकटतं. सकाळी सातच्या आत खेळा. पेव्हर ब्लॉक ओले असतील तर खेळूच नका. आणि हॉलचे बूट तिथे घालू नका, खरबरीत काँक्रीट मऊ रबराचा चट्टामट्टा करतं. तिथे जुने स्पोर्ट्स शूज चालतील, फक्त तळवा फार जाड नको.