नुसती व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलून गाडी जास्त पळत नाही, या चुका टाळा

"हेवी स्प्रिंग टाक, पिकअप वाढतो" हे गॅरेजवर इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, स्प्रिंगकडून पॉवर मागायची. कॅमने (उंचवटे असलेला फिरता दांडा) उघडलेला व्हॉल्व्ह (इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप) वेळेत परत सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, बसवायचा, एवढंच तिचं काम. फोर स्ट्रोकमध्ये कॅम क्रँकच्या (पिस्टन फिरवतो तो मुख्य दांडा) निम्म्या स्पीडने फिरतो, म्हणजे ८००० आरपीएमला (क्रँकचे मिनिटाला फेरे) प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४००० वेळा उघडतो, आणि स्प्रिंग कमी पडली की तो कॅमला सोडून तरंगतो, यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. फ्लोट होत असेल तर चांगली स्प्रिंग वरच्या आरपीएमला गेलेली पॉवर परत देते, होतच नसेल तर काहीच देत नाही. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५० ची १९.८ बीएचपी पॉवर ५२५० आरपीएमला येते, कॅम स्टॉक (कंपनीचाच) असेल तर तिथे कंपनीची चांगल्या कंडिशनमधली स्प्रिंग पुरून उरते.

दुसरी चूक म्हणजे रोग न ओळखता हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडणं. माझ्या मित्राची गाडी वरच्या आरपीएमला गुदमरायची, मेकॅनिकने स्प्रिंगा बदलल्या, पैसे गेले, आणि शेवटी निघाला चोक झालेला एअर फिल्टर!! खरंच वाईट वाटलं. फ्लोट असेल तर साधारण त्याच आरपीएमला, प्रत्येक गिअरमध्ये, पॉवर पडते आणि वरून फडफड ऐकू येते. आरपीएम चढतोय पण स्पीड वाढत नाही, तर आधी क्लच बघा. फिल्टर, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन बघून झाल्याशिवाय हेडला हात लावू नका.

आता फिटिंग, खरा घोळ इथे होतो. स्प्रिंग डब्यातून काढली आणि बसवली असं चालत नाही, रिटेनर (स्प्रिंगच्या वरची टोपी) लावून बसवलेली हाइट व्हर्नियरने मोजायची, त्यातून व्हॉल्व्हची पूर्ण लिफ्ट (तो जास्तीत जास्त जेवढा उघडतो ते अंतर) वजा करायची, आणि जे उरेल ते स्प्रिंग पूर्ण दाबल्यावरच्या उंचीपेक्षा साधारण दीड एमएम तरी जास्त हवं (स्प्रिंगवाल्याने आकडा दिला असेल तर तोच धरा), नाहीतर वेढे एकमेकांवर आपटतात आणि पुशरॉड वाकतो किंवा रॉकर तुटतो (हे दोन्ही कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग). रिटेनर खाली येऊन ऑइल सीलला टेकत नाही ना, हेही बघा. वेढे एका बाजूला जवळजवळ असतील तर बहुतेक गाड्यांत ती बाजू खाली, हेडकडे, तरी मॅन्युअल बघाच.

जास्त कडक म्हणजे जास्त चांगली, हेही डोक्यातून काढा. कॅम आणि रॉकर लवकर झिजतात, आणि ती स्प्रिंग दाबायला इंजिनचीच ताकद जाते. मोठा कॅम टाकून रेडलाइन (इंजिनची कमाल आरपीएम) वाढवणार असाल तर कॅमवाल्याने सांगितलेलीच स्प्रिंग घ्या. जुनी स्प्रिंग थकलीय असं वाटलं तर काढून लांबी मोजा, मॅन्युअलच्या लिमिटपेक्षा कमी भरली तर कंपनीचा नवा सेट टाका, बहुतेक रोजच्या गाड्यांना तेवढंच पुरतं.