एबलटन लाइव्हमध्ये आपला तबला कसा उतरवावा

संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की गाडी लगेच प्लगइनवर जाते. कोणतं घेतलं, कोणतं सेलमध्ये स्वस्त आहे. मला वाटतं, एबलटन लाइव्हच्या आत जी साधनं मुळातच बसवलेली आहेत, त्यातली चार-पाच नीट हाताखाली आली तर आपल्या वाद्यांसाठी बाहेरून फारसं काही आणावं लागत नाही. त्यातली माझी सर्वांत आवडती साधनं इथे एकाच कामातून दाखवतो: खऱ्या तबल्याचे बोल रेकॉर्ड करून त्यांचं वाजवता येण्याजोगं वाद्य बनवायचं, आणि त्याला खऱ्या वादकाच्या ठेक्याचं वजन द्यायचं.

लाइव्ह हे बर्लिनच्या एबलटन कंपनीचं सॉफ्टवेअर. २००१ मध्ये ते आलं तेव्हा मुख्यतः रंगमंचावर लूप वाजवण्यासाठी होतं. मिडी (म्हणजे आवाज नव्हे, तर कोणती नोट कधी आणि किती जोरात वाजली याची नोंद) त्यात २००४ च्या चौथ्या आवृत्तीत आलं. वाजवता वाजवता रचना बदलता यावी हा मूळ हेतू अजून तसाच आहे, आणि आवर्तनावर चालणाऱ्या आपल्या संगीताला तो फार सोयीचा पडतो. खालची कृती अकराव्या किंवा बाराव्या आवृत्तीवर करा. लाइट आणि इंट्रो या छोट्या आवृत्त्यांत सगळी साधनं मिळत नाहीत, त्यामुळे पैसे घालण्याआधी ३० दिवसांच्या मोफत चाचणीत सगळं करून बघा.

१. बोल रेकॉर्ड करा

चांगला माइक असेल तर उत्तमच, नाहीतर फोनही चालेल. फोन तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, साधारण हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय चालू असेल तर ती आधी बंद करा, कारण डग्ग्याची विरत जाणारी आस ती गोंगाट समजून खाऊन टाकते.

बोल सुटे घ्या: ना, तिं, ते, घे, क. प्रत्येक बोल तीन जोरांत हवा – हलका, मधला आणि दणकट. दोन बोलांच्या मध्ये आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. घेच्या बाबतीत हे थांबणं जास्तच लांबतं, पण तिथे घाई नको. धा आणि धिं मुद्दाम घेऊ नका. धा म्हणजे ना आणि घे एकत्र. तो आपण दोन पॅड (एकेका बोलासाठीची बटणं) एकदम दाबून काढणार आहोत. का, ते पुढे कळेल.

स्वतः वाजवत नसाल तर ओळखीच्या तबलजींना विनंती करा. त्यांचे बोल तुमच्या गाण्यात वापरले जाणार आहेत हे आधी स्पष्ट सांगा, आणि गाणं बाहेर काढाल तेव्हा त्यांचं नाव द्या.

२. सिम्पलरमध्ये तुकडे पाडा

लाइव्हमध्ये नवा मिडी ट्रॅक घ्या, त्यावर सिम्पलर (रेकॉर्ड केलेला आवाज नोटांवर वाजवणारं लाइव्हमधलं वाद्य) टाका आणि रेकॉर्डिंगची फाइल त्यात ओढून सोडा. सिम्पलरचे तीन मोड आहेत: क्लासिक, वन-शॉट आणि स्लाइस. स्लाइस निवडा, आणि तुकडे पाडण्याची पद्धत ‘ट्रान्झिएंट’ ठेवा. प्रत्येक आघाताच्या सुरुवातीला एक रेघ आपोआप येईल. एकाच बोलाचे दोन तुकडे होत असतील तर ‘सेन्सिटिव्हिटी’ कमी करा. हलके बोल सुटत असतील तर वाढवा. चुकीची रेघ डबल क्लिकने काढता येते.

रेघा मनासारख्या पडल्या की वेव्हफॉर्मवर राइट क्लिक करून ‘स्लाइस टू ड्रम रॅक’ निवडा. क्षणात प्रत्येक बोल वेगळ्या पॅडवर जातो, आणि प्रत्येक पॅडच्या आत स्वतंत्र सिम्पलर तयार असतो. पॅडना लगेच नावं द्या: ‘ना हलका’, ‘घे दणकट’ अशी. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण नंतर प्रत्येक वेळी शोधाशोध करण्यापेक्षा ते एकदाच उरकलेलं बरं.

३. चोक: माझं सर्वांत आवडतं बटण

आता वाजवून बघा. घे वाजवा आणि लगेच क. काहीतरी खटकेल. खऱ्या डग्ग्यावर क वाजतो तेव्हा पंजा कातड्यावर सपाट पडतो आणि आधीच्या घेची आस तिथेच थांबते. तुमच्या पॅडवर मात्र घे घुमतच राहतो आणि क त्याच्यावर पडतो. जणू दोन डग्गे आहेत.

यावर ड्रम रॅकमध्ये, म्हणजे या पॅडच्या संचात, ‘चोक’ आहे. रॅकच्या डाव्या कडेच्या छोट्या बटणांनी आधी चेनची यादी उघडा, मग इनपुट-आउटपुटचा भाग. प्रत्येक पॅडसमोर ‘रिसीव्ह’, ‘प्ले’ आणि ‘चोक’ असे तीन रकाने दिसतील. एकाच चोक गटातला कुठलाही पॅड वाजला की त्याच गटातला आधीचा आवाज कापला जातो. ड्रमच्या उघड्या आणि बंद हायहॅटसाठी ही सोय नेहमी वापरतात, पण तबल्यासाठीही ती तितकीच कामाची आहे. घे आणि क यांचे सगळे पॅड गट १ मध्ये घाला. ना, तिं आणि ते गट २ मध्ये. आता ‘ते’ वाजला की ‘ना’ दाबला जाईल, पण डग्ग्याला हात लागणार नाही. हाताखालच्या दोन वाद्यांचा हिशेब आपापला राहतो.

धा सुटा का घेतला नाही, ते इथे लक्षात येईल. रेकॉर्ड केलेला धा दोन्हीपैकी कुठल्या गटात घालणार? गट १ मध्ये घातला तर ‘ते’ वाजल्यावर त्यातला ‘ना’ थांबणार नाही, गट २ मध्ये घातला तर क वाजल्यावर त्यातला घे थांबणार नाही. ना आणि घे एकत्र दाबून काढलेला धा दोन्हीकडे बरोबर वागतो.

४. बोटांचा जोर आणि डग्ग्याची मींड

प्रत्येक सिम्पलरमध्ये वेलॉसिटीचा (नोट किती जोरात वाजवली त्याच्या मापाचा) आवाजावर किती परिणाम व्हावा हे ठरवता येतं. तिथे ४० ते ५० टक्के ठेवून सुरुवात करा. त्याच जोडीला लो-पास फिल्टर (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग कापणारा) लावून तोही वेलॉसिटीला थोडा जोडा, म्हणजे हलका बोल नुसता लहान नव्हे तर मऊही वाजेल. हे केलं नाही तर कितीही चांगलं रेकॉर्डिंग असलं तरी वाद्य यंत्रासारखं ऐकू येतं.

डग्ग्यावर मनगट दाबून स्वर चढवतात, ती मींडही थोडीफार साधता येते. घेच्या पॅडवर सिम्पलर क्लासिक मोडमध्ये आणा आणि पिच एन्व्हलप (नोट वाजताना स्वर वेळेनुसार हलवणारी सोय) चालू करा. अमाउंट उणे ३ किंवा उणे ४ सेमिटोन, अटॅक आणि सस्टेन शून्य, डिके २०० मिलिसेकंदांच्या आसपास. स्वर खालून सुरू होऊन जागेवर चढेल. क्लासिक मोडमध्ये नोट सोडली की आवाज थांबतो, म्हणून नोट लांब ठेवा. हा अमाउंट रॅकच्या एका मॅक्रोला (रॅकवरच्या नॉबला) जोडा, त्याची कमाल-किमान मर्यादा बांधून द्या, आणि मॅक्रोला ‘मींड’ नाव द्या. मग वाजवताना एका नॉबवर मींड कमी-जास्त करता येते. खऱ्या हाताची सर येत नाही, पण सपाट घेपेक्षा कितीतरी जिवंत वाटतं.

सुराचंही बघून घ्या. ट्रॅकवर ‘ट्यूनर’ टाकून ना वाजवा आणि तबला कुठे लागलाय ते वाचा. तबला काळी दोनमध्ये आणि गायक काळी एकमध्ये असेल, तर फक्त ना आणि तिंचे पॅड दोन सेमिटोन खाली घ्या. डग्गा आहे तिथेच राहू द्या. ट्यूनर सेंटमध्येही (सेमिटोनच्या शंभराव्या भागात) फरक दाखवतो, तेवढा ‘डीट्यून’ने जुळवा. चार-पाच सेमिटोन ओढायची वेळ आली तर सरळ दुसऱ्या तबल्याचं रेकॉर्डिंग घ्या. एवढ्या ओढाताणीत शाईचा आवाज खोटा वाटू लागतो.

५. वाजवा, मग ‘कॅप्चर’ दाबा

रेकॉर्डचं लाल बटण दाबलं की बोटं आखडतात. त्यासाठी ‘कॅप्चर मिडी’ आहे. ट्रॅक आर्म करून (ट्रॅकवरचं रेकॉर्डसाठी तयार ठेवणारं बटण दाबून) नुसतं वाजवत बसा. एखादी चीज जमली की वरच्या पट्टीतलं कॅप्चरचं बटण दाबा. तुम्ही जे वाजवलं ते क्लिप, म्हणजे ट्रॅकवरचा एक सुटा तुकडा, होऊन समोर येतं. सेट रिकामा असेल तर लाइव्ह तुमची लयसुद्धा स्वतः ओळखतं. मिडी कीबोर्ड नसेल तर एम दाबून लॅपटॉपच्या कळांवर वाजवता येतं, फक्त बोटांचा जोर मिळत नाही. वेलॉसिटी मागाहून हाताने भरावी लागते. एक मर्यादा लक्षात ठेवा: कॅप्चर मिडीसाठीच आहे, माइकवरचा आवाज ते मागाहून पकडत नाही.

६. खऱ्या ठेक्याचं वजन उचला

माझ्या मते लाइव्हमधली सर्वांत कमी वापरली जाणारी सोय म्हणजे ग्रूव्ह पूल. ढोलकीवर एखाद्या जाणत्या हाताचा केहरवा ऐका. कुठली मात्रा किंचित मागे रेलते, कुठली पुढे सरकते, आणि त्या रेलण्यातच ठेक्याचा डौल असतो. लाइव्ह ही सगळी हालचाल एका क्लिपमधून काढून दुसऱ्या क्लिपला लावू शकतं.

ढोलकीच्या ठेक्याचं रेकॉर्डिंग ऑडिओ ट्रॅकवर घ्या आणि वॉर्प (रेकॉर्डिंग ताणून-दाबून लयीला जुळवण्याची सोय) चालू करा, मोड ‘बीट्स’. आता वॉर्प मार्कर (आवाजातली एखादी जागा ग्रिडवर बांधणाऱ्या खुणा) कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. मार्कर फक्त समेवर लावा. प्रत्येक आवर्तनाची सम ग्रिडच्या रेघेवर आणा आणि मधल्या मात्रांना अजिबात हात लावू नका. मधल्या मात्राही रेघेवर बसवल्या, तर जे वजन आपल्याला उचलायचं आहे तेच पुसून जाईल आणि हाती सपाट ग्रूव्ह येईल.

सर्वांत सुंदर वाजलेली एक-दोन आवर्तनं लूपमध्ये बांधा, क्लिपवर राइट क्लिक करा आणि ‘एक्स्ट्रॅक्ट ग्रूव्ह’ निवडा. ग्रूव्ह पूलमध्ये नवी ओळ येईल. तुमच्या तबल्याच्या मिडी क्लिपमध्ये ग्रूव्हच्या यादीतून ती निवडा. ‘टायमिंग’ आधी १०० वर ठेवून ऐका, मग ६० ते ७० पर्यंत उतरवून ऐका. ‘वेलॉसिटी’ वाढवली की ढोलकीवाल्याच्या हाताचा जोरही उतरतो. ‘रँडम’ मी शून्यावरच ठेवतो. वादकाचं मागेपुढे होणं विचारातून येतं, ते आणि यदृच्छेने हलवलेली मात्रा यांत कानाला फरक कळतो. मनासारखं झालं की ‘कमिट’ दाबा, म्हणजे नोटा प्रत्यक्ष त्या जागी सरकतील.

हाच ग्रूव्ह बेसच्या क्लिपलाही लावून बघा. तबला आणि बेस एकाच वजनाने चालू लागले की मिक्सिंगमधला निम्मा त्रास कमी होतो.

७. सगळं समेवर बदलू द्या

सेशन व्ह्यूमध्ये (क्लिप हव्या तेव्हा दाबून वाजवण्याच्या पडद्यावर) क्लिप दाबल्यावर ती कधी सुरू व्हावी हे वरच्या पट्टीतलं ‘क्वांटायझेशन’ ठरवतं. सुरुवातीला तिथे १ बार असतो. तीनतालात एक मात्रा म्हणजे एक बीट धरली तर १६ मात्रांचे ४ बार होतात. म्हणून तिथे ४ बार करा. आता मुखडा, कायदा, तिहाई अशा क्लिप केव्हाही दाबा, बदल समेवरच होईल. रूपकसाठी टाइम सिग्नेचर ७/४ करून १ बार ठेवा. झपतालासाठी ५/४ आणि २ बार.

८. पावसातून तानपुरा

शेवटचं साधन निव्वळ आनंदासाठी: रेझोनेटर्स. यात पाच अनुनादक असतात. पहिल्याला तुमचा सा द्या, काळी एक असेल तर सी शार्प. बाकीचे पहिल्यापासून किती सेमिटोन दूर, एवढंच सांगायचं असतं: दुसरा अधिक ७ म्हणजे पंचम, तिसरा अधिक १२ म्हणजे तार सा, चौथा उणे १२ म्हणजे खर्ज. पाचवा बंद ठेवा. आता या ट्रॅकवर पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचं रेकॉर्डिंग वाजवा, वॉर्प बंद करून. पावसाच्या थेंबांमधून सा-प-सा झंकारू लागतो. ‘डिके’ वाढवाल तितकी आस लांबते. ‘ड्राय-वेट’ ४० टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर पाऊसही ऐकू येतो आणि सूरही.

त्याच्यावर गायचं असेल तर बाराव्या आवृत्तीत ‘स्केल’ची यादी बघा, तिच्यात भैरवही आहे. कोमल रे, कोमल ध कुठे आहेत ते त्यातून दिसतं, पण रेचं आंदोलन त्यातून मिळत नाही. ते गळ्यातूनच यायला हवं, किंवा वेव्हटेबल अथवा सॅम्पलरवर प्रत्येक नोटेची पिचची रेघ हाताने काढून.

सेव्ह करताना

फाइल मेनूतलं ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ वापरा. नुसतं सेव्ह केलं तर रेकॉर्डिंग मूळ फोल्डरमध्येच राहतं, आणि तो फोल्डर हलला की सगळे पॅड मुके होतात. तयार झालेला तबला रॅकच्या पट्टीवरच्या फ्लॉपीच्या चिन्हाने युजर लायब्ररीत वेगळा साठवा, नावात सूर लिहून: ‘तबला काळी दोन’. पुढच्या गाण्यात तो ब्राउझरमधून ओढला की थेट पाचव्या पायरीपासून सुरुवात करता येते.