शाडूचा टी-रेक्स दात: मापं आणि चुका

विज्ञान प्रदर्शनात टी-रेक्स डायनासोर म्हटलं की थर्माकोलचा हिरवा राक्षस ठरलेला. त्यापेक्षा खऱ्या मापाचा एक दात करा. हातात घेऊन दाखवता येतो आणि सांगण्यासारखंही त्यात भरपूर आहे.

शाडूची पावडर 1 किलो लागेल. गणपतीनंतर दुकानात मिळाली नाही, तर मूर्तिकाराकडे मागा. शिवाय वर्तमानपत्राची 6 पानं, कागदी चिकटपट्टी, हॅक्सॉचं सर्वांत बारीक दात्यांचं पातं, तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग आणि जरासं वॉर्निश.

2 पानं रात्रभर भिजवून लगदा करा आणि शाडूत मळा. उरलेल्या 4 पानांची 25 सेंटीमीटर लांब, 2 सेंटीमीटर जाड घट्ट गुंडाळी करून पट्टीने बांधा, थोडी वाकवा. आत बांबूची काडी घालू नका. शाडू सुकताना आकसतो, काडी आकसत नाही, आणि दात उभा तडकतो. कागद दबतो म्हणून निभावतं.

आता या गुंडाळीवर शाडू थापून दात घडवा. त्याचं माप असं. मोठ्यात मोठा दात मुळासकट सुमारे 30 सेंटीमीटर. त्यात 13 सेंटीमीटर वरचा भाग आणि 17 सेंटीमीटर मूळ धरा. म्हणजे अर्ध्याहून जास्त दात जबड्यात गाडलेला. वरच्या भागाच्या बुडाशी पुढून मागे 5 सेंटीमीटर आणि आडवी जाडी 3.5 ते 4 ठेवा. इथेच बहुतेकांचा हात चुकतो: दात सुरीसारखा चपटा होतो. तसे दात इतर बऱ्याच मांसाहारी डायनासोरांचे. याचा केळ्यासारखा जाडजूड, कारण तो हाडं फोडायचा. ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनासोरच्या कमरेच्या हाडावर याच्या दातांचे खड्डे सापडले आहेत. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मिळालेल्या, 44 सेंटीमीटर लांबीच्या, याच्याच मानल्या जाणाऱ्या अश्मीभूत विष्ठेत तर हाडांचा चुराच चुरा होता.

टोक मागे, घशाकडे झुकवा. शाडू चामड्यासारखा घट्ट झाला की पुढच्या-मागच्या कडेवर पातं हलकेच दाबत न्या. खऱ्या दाताला मिलिमीटरमागे साधारण 2 दाते असतात. पात्याचे थोडे मोठे उमटतील, चालतं. हाताने कोरलेले करवतीसारखे दाते मात्र नकोत.

सावलीत आठवडाभर सुकवा, पहिले 2 दिवस ओल्या फडक्यात. डिसेंबरातली नाशिकची कोरडी थंड हवा वरचा थर झटकन सुकवते, आतला ओला राहतो, मग भेगा. पडल्याच तर भेग ओली करून त्याच लगद्याने भरा.

रंग पांढरा नको. जीवाश्मात खनिजं मुरलेली असतात. तपकिरी द्या, वॉर्निश फक्त वरच्या भागाला. तिथे एनॅमल, म्हणजे दातावरचं चकचकीत कठीण आवरण असतं, मूळ मंद दिसतं.

पाटीवर ‘गळलेला दात’ लिहू नका. नवा दात वर येताना जुन्याचं मूळ विरघळतं, त्यामुळे गळलेल्या दाताला मूळ जवळजवळ नसतंच. आणि कुणी विचारेलच, ‘आपल्याकडे सापडतो का?’ नाही. टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला, सुमारे 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. नाशिकची पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तो साधारण त्याच सुमाराच्या लाव्हारसाचा, आणि तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. भारतातला मोठा मांसाहारी हवा असेल तर गुजरातेत सापडलेला राजासॉरस दाखवा, पण तो टी-रेक्सच्या घराण्यातला नाही.