काचेच्या गोळ्यात शेवाळ, पानं, फुलं भरताय? या चुका टाळा

ख्रिसमस ट्रीवर टांगायचे ते पारदर्शक काचेचे गोळे असतात ना, त्यात शेवाळ, सुकी फुलं, पाइनकोनचे (पाइनच्या झाडाची खवल्यांची लाकडी बोंडं) तुकडे, बिया असं काहीबाही भरून लावायचं, दिसायला एकदम भारी आणि करायला सोपं, असं मलाही वाटलेलं. पहिल्या वर्षी मस्त हिरवंगार ताजं शेवाळ भरलं, टोपण लावलं, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी बघते तर आतून सगळी काच घामाघूम, आणि आठवड्याभरात शेवाळावर पांढरा कापूस. बुरशीच ती. सगळे गोळे रिकामे करायला लागले आणि ते काम भरण्यापेक्षा दसपट किचकट.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, ओलं सामान भरणं. टोपण लावल्यावर आतली वाफ जवळपास कोंडली जाते, दिवसा गरम झालं की शेवाळातलं पाणी हवेत येतं आणि रात्री काच गार पडली की तेच पाणी थेंब होऊन काचेला चिकटतं, आणि हे रोज चालू. हाताला कोरडं लागतंय म्हणजे सुकलं असं अजिबात नाही, जाड देठात आणि फुलाच्या मधल्या बोंडात ओल बसून असते. फुलं जुड्या बांधून उलटी टांगली तर साधारण 2 ते 3 आठवडे लागतात, हवा दमट असेल तर जास्तच. घाई असेल तर डब्यात सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) पुरून ठेवा, बहुतेक फुलं आठवड्याभरात होतात, फक्त जेल ओतताना तोंडाला मास्क लावा कारण त्याची धूळ उडते.

मी आता एक टेस्ट करते, एकच गोळा भरते, टोपण लावते आणि तासभर उन्हात ठेवते. काचेवर धुकं आलं की सगळं सामान परत वाळायला. बाकीचे गोळे त्यानंतरच भरायचे.

बाजारात 'प्रिझर्व्ड' म्हणून मऊ हिरवं शेवाळ मिळतं ते बऱ्याचदा ग्लिसरीन लावलेलं असतं, आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढून धरतं. त्यामुळे तेही आधी उघडं पसरून ठेवा आणि गोळ्यात थोडंच घाला.

आणि एक, गोळा आतून पाण्याने धुवायचा आणि लगेच भरायचा हे तर नकोच. मान एवढी अरुंद असते की आतलं पाणी सुकायला दिवस जातात. थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून ओतून टाका, पटकन उडून जातं (जवळ मेणबत्ती, गॅस काही पेटतं नको बरं का).

पाइनकोन किंवा काटक्या बाहेरून वेचून आणल्या असतील तर त्यात किडे असू शकतात, दिसले नाही तरी. ओव्हनमध्ये साधारण 95 अंश सेल्सिअसला अर्धा तास, ट्रेवर फॉइल टाकून, आणि समोरून हलू नका कारण त्यातला चीक वितळतो आणि तो पेटूही शकतो. पाइनकोनची एक गंमत माहितीये का, ओला झाला की मिटतो आणि वाळला की उघडतो. म्हणजे छोटा पाइनकोन भिजवून मिटलेला असताना मानेतून आत सरकवला तर आत जाऊन तो फुलतो आणि लोक विचारत बसतात हा आत गेला कसा. पण मग टोपण न लावता आठ-दहा दिवस गोळा उघडा ठेवायचा, इथे घाई केली की परत बुरशी.

रंगाचं पण बघा. लाल गुलाब वाळला की काळपट लाल होतो, पांढरी फुलं पिवळट पडतात, त्यामानाने पिवळा, केशरी आणि लॅव्हेंडरचा जांभळा बरा टिकतो. गोळे थेट उन्हाच्या खिडकीत टांगले तर तेही फिके पडणार.

टोपण काढताना बरेच जण गोळा पोटाला धरून ओढतात आणि काच फुटते. मानेला धरा, टोपण हळूच वर घ्या आणि आतल्या तारेचे दोन्ही पाय चिमटीत दाबून बाहेर काढा. मानेची कड धारदार असते, बोट सांभाळा. परत लावताना टोपण सैल वाटलं म्हणून सुपरग्लू लावाल तर पस्तावाल, त्याची वाफ आतल्या काचेवर पांढरा थर धरते. साधा पारदर्शक गोंद दोन थेंब, बास.

भरताना कागदाचं नरसाळं, लांब चिमटा आणि बांबूची काडी एवढं पुरतं. गळ्यापर्यंत ठासू नका, निम्मा गोळा रिकामा असला की आतलं फूल उठून दिसतं. ठासलेला गोळा म्हणजे निव्वळ पाचोळ्याची बरणी वाटते.

घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर होली, मिसलटो (ख्रिसमसच्या सजावटीत वापरतात त्या वनस्पती) यांची फळं भरू नका, विषारी असतात आणि गोळा फुटायला काय लागतं. खालच्या फांद्यांवर प्लास्टिकचे गोळे लावा, मला ते आवडत नाहीत कारण बारीक चुरा आतून चिकटून बसतो, पण काचा वेचण्यापेक्षा परवडले.

सण संपला की अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवून कोरड्या कपाटात टाका. पुढच्या वर्षी रंग उडालेला दिसला तर तारेने आतलं सगळं ओढून काढा आणि नवीन भरा, काच तीच चालते.