जुनी सायकल परगावी पाठवताना, परगावहून मागवताना

पुण्यात बसून मी आजवर तीन जुन्या सायकली परगावहून मागवल्या आणि पाच परगावी पाठवल्या. त्यातल्या दोन मोडून पोचल्या, एक येताना आणि एक जाताना. दोन्ही वेळा मी वाहतूकवाल्यांवर चिडलो. नंतर शांतपणे खोके पुन्हा पाहिले, तेव्हा कळलं की मोडतोड गाडीत झाली खरी, पण तिची सोय बांधणाऱ्याने घरीच करून ठेवली होती. त्यातला एक बांधणारा मी. म्हणून ही तयारी सविस्तर लिहितोय. विकणारा आणि घेणारा, दोघांनीही ती पूर्ण वाचावी, कारण निम्मी भांडणं समोरच्याने काय करायला हवं होतं हे माहीत नसल्याने होतात.

सुरुवात घेणाऱ्यापासून. सायकल पाहायला जाता येत नाही, तेव्हा विकणाऱ्याचा फोन हाच आपला डोळा. लांबून काढलेला, सायकल भिंतीला टेकवलेला फोटो काही सांगत नाही. व्हिडिओ मागा आणि त्यात काय दिसायला हवं ते आधीच लिहून कळवा. पहिलं, फ्रेम नंबर. बहुतेक सायकलींवर तो क्रँकच्या (पेडल ज्या दांड्यांना लागतात त्यांच्या) खाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो. तो बिलाशी जुळायला हवा. बिल नसेल तर निदान नंबर खरवडलेला नाही एवढी खात्री हवी. नंबर दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी सायकल घेत नाही, कितीही स्वस्त असो. दुसरं, सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारी नळी. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षं न हलवता राहिला की आतल्या आत जाम होतो. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेतल्या सायकलींत हे जास्त. कॅमेऱ्यासमोर सीट चार बोटं वर घेऊन पुन्हा खाली करून दाखवायला सांगा. तिसरं, दोन्ही चाकं उचलून फिरवायला सांगा आणि कॅमेरा ब्रेकच्या रबराजवळ धरायला लावा. रबर आणि रिममधली फट स्थिर राहिली तर चाक ठीक. फट कमी-जास्त होत असेल तर रिम आउट आहे. थोडी आउट कुठलाही मेकॅनिक काढून देतो, पण रिमला खड्डा असेल तर चाकाचे पैसे धरूनच भाव करा.

चेनसाठी फूटपट्टी लागते. एका पिनवर शून्य धरून २४ पिना मोजायच्या. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाएवढी पुढे गेली असेल तर चेन बदलायला आली. आठव्या भागाएवढी गेली असेल तर मागचे दातेही झिजले असणार, म्हणजे खर्च वाढला. याचा एक फोटो पुरतो. प्रामाणिक माणूस तो आनंदाने काढून पाठवतो, असा माझा अनुभव आहे. आपलं मापही आधी घ्या. अनवाणी उभं राहून, जांघेत पुस्तक घट्ट धरून जमिनीपासूनचं अंतर मोजा आणि फ्रेमच्या आडव्या दांड्याच्या उंचीशी ताडून पाहा. माप चुकलं तर परत पाठवण्यात भाड्याचे दुप्पट पैसे जातात.

पैशांचं बोलणं बांधाबांधीच्या आधी उरका. वाटेत मोडली तर कोणाचं नुकसान, हा प्रश्न सायकल निघण्यापूर्वी विचारला तर गोड वाटतो, पोचल्यावर विचारला तर भांडण. मी व्हॉट्सअॅपवर एका वाक्यात लिहून घेतो: बांधणीतल्या चुकीने झालेलं नुकसान विकणाऱ्याचं, वाहतुकीत झालेल्याचा दावा बुकिंग करणारा लावणार आणि मिळालेली भरपाई घेणाऱ्याला देणार. निम्मे पैसे आधी, उरलेले बिल्टीचा, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीचा, फोटो आल्यावर. आणि विकणाऱ्यांनो, पैसे स्वीकारायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणारा चोर आहे, मग तो फौजी म्हणून बोलो की आणखी कोणी.

आता पाठवायची कशी. कुरिअरवाले नुसतं वजन पाहत नाहीत, जागा पाहतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेच जण ५००० ने भागतात. १४० × २५ × ८० चा खोका असेल तर आकडा येतो ५६ किलो, प्रत्यक्षात सायकल खोक्यासकट १८ किलोची असली तरी. म्हणून खोका आधी मोजा, भाव नंतर विचारा, आणि तो मापं सांगूनच विचारा. रेल्वे पार्सल त्या मानाने स्वस्त पडतं आणि साध्या, दणकट सायकलींसाठी मला तेच आवडतं. पार्सल ऑफिसात फॉरवर्डिंग नोट भरताना किंमत जाहीर करायचा रकाना मात्र मोकळा सोडू नका. किंमत जाहीर करून त्यावरचं जादा शुल्क भरलं नाही तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे ५० रुपयांवर थांबते. १५ किलोच्या सायकलीचे साडेसातशे. ट्रकने नेणाऱ्या ट्रान्सपोर्टला २००७ चा रस्ते वाहतुकीचा कायदा लागू होतो. तिथे जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर मर्यादा भाड्याच्या दहापट. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत धोक्याचं. पावती मिळाली तरी तिच्यावर ‘एक नग’ एवढंच असतं. महागड्या सायकलीला तो मार्ग नको.

बांधणीकडे येतो, कारण खरी गोष्ट इथेच आहे. एक चित्र डोळ्यांसमोर ठेवून बांधायला बसा: खोका उभा राहणार नाही. तो आडवा पडणार आणि त्याच्यावर पन्नास किलोचं पोतं येणार. ‘आडवे ठेवू नये’ असं तीन भाषांत लिहा, जरूर लिहा, पण बांधा मात्र आडवाच पडणार असं धरून.

खोका सायकलच्या दुकानातून मिळतो. नवी सायकल खोक्यातच येते आणि दुकानदाराला तो रद्दीतच घालायचा असतो. मागताना त्यातले प्लास्टिकचे तुकडेही मागा: चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) टोकांत बसणारा आधार आणि एक्सलवरच्या टोप्या. हे तुकडे दुकानात केरात जातात. माझ्याकडून नागपूरला गेलेल्या सायकलीत असा तुकडा असता तर तिचा चिमटा वाचला असता. पुढचं चाक काढलं की चिमट्याची दोन टोकं मोकळी राहतात. वजन पडलं की ती आत दबतात. तिकडच्या मुलाने फोटो पाठवला त्यात खोका बाहेरून जवळजवळ कोरा होता, फक्त एका बाजूला हलका खळगा. आत चिमट्याचा एक पाय बोटभर आत आलेला. चाक बसेना. नव्या चिमट्याचे पैसे मी भरले, आणि ते मीच भरायला हवे होते. प्लास्टिकचा आधार नाही मिळाला तर पीव्हीसी पाइपचा १०० मिमीचा तुकडा कापा, त्यातून ८ मिमीचा आटेवाला रॉड घाला, दोन्ही टोकांना बाहेरून नट लावून चिमट्यात आवळा. साध्या क्विक रिलीजच्या (हाताने खटका उघडून चाक सुटतं अशा) चिमट्यात टोकांमधलं अंतर १०० मिमीच असतं. जाड एक्सलच्या नव्या सायकलींत एक्सलच परत जागेवर घट्ट बसवा.

पेडल काढताना लोक सर्वांत जास्त घाम गाळतात, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: १५ चा पाना पेडलवर उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंची पेडलं तशीच सुटतात. सुटलेली पेडलं खोक्यात मोकळी टाकू नका. प्रवासभर ती फ्रेमवर हातोडीसारखी आपटतात. कापडी पिशवीत घालून फ्रेमला बांधा. आटे कोरडे असतील तर थोडं ग्रीस लावून ठेवा, घेणारा दुवा देईल.

गिअरची सायकल असेल तर मागच्या डिरेलरकडे, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाकडे, सगळं लक्ष द्या. तो ज्या छोट्या पट्टीला टांगलेला असतो ती हँगर मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमची करतात, म्हणजे मार बसला तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी. माझ्याकडे बंगळुरूहून आलेल्या सायकलीत नेमकी तीच वाकली होती. खोक्याला रुपयाएवढं एक भोक होतं, बस्स. मी सही केली, खोका घरी आणला, चाकं बसवली. सगळ्यात मोठ्या दात्यावर गिअर टाकला आणि डिरेलर थेट आऱ्यांत शिरला. तीन आरे तुटले, डिरेलरचा पिंजरा पिरगाळला. हँगर प्रत्येक फ्रेमची वेगळी असते, जुन्या मॉडेलची मिळायला मला दीड महिना लागला. उपाय दोन मिनिटांचा आहे: ५ च्या एलन कीने डिरेलर हँगरवरून सोडवा, केबल तशीच राहू द्या, फडक्यात गुंडाळून मागच्या त्रिकोणाच्या आत झिप टायने बांधा. नागडी हँगर दिसते त्या बाजूला पुठ्ठ्याची दुहेरी घडी. विकणाऱ्याकडून याचा फोटो मी आता हटकून मागतो.

बाकीचं भराभर सांगतो. हँडल सोडवण्याआधी त्याच्या जागेवर टेपने खूण करा, मग ते आडव्या दांड्याला समांतर बांधा. केबल मोडून घडी पडू देऊ नका. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क काढा किंवा तिच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा, नाहीतर वाटेत कोणी लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतील. टायरमध्ये थोडी हवा राहू द्या, रिमला तीच गादी. एक्सलची टोकं खोका फाडून बाहेर येतात, त्यांवर टोप्या किंवा जुन्या टायरचे तुकडे बांधा. फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो आणि बबल रॅपपेक्षा जास्त टिकतो. पावसाळ्यात खोक्याच्या आत आधी प्लास्टिक, कारण भिजलेला पुठ्ठा पोत्यासारखा लोंबतो. इलेक्ट्रिक सायकलीची बॅटरी खोक्यात घालूच नका, तिचे नियम वेगळे आहेत. बुकिंगच्या वेळी स्पष्ट विचारा.

टेप लावण्यापूर्वी खोका हलवा. आतून खडखड आली तर उघडा. मग दोन्ही कुशींवर आडवा करून गुडघ्याने दाबा. धातू कुठे टोचला तर तिथे पुठ्ठा वाढवा. दोन्ही अरुंद बाजूंना हात घालायला भोकं पाडून कडांना टेप लावा. उचलायला धरण असलं की हमाल खोका ओढत नाही. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा: उघडी सायकल, बांधलेली सायकल, बंद खोका सहाही बाजूंनी, आणि काट्यावरचं वजन.

आता पुन्हा घेणारा. खोका आला की सही करण्याआधी चहूबाजूंनी फिरून पाहा. मी रुपयाएवढ्या भोकाकडे दुर्लक्ष केलं ते महागात पडलं. रेल्वेत खोका फाटलेला किंवा उघडलेला दिसला तर ओपन डिलिव्हरी मागता येते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात, कलम ८१ मध्ये ती तरतूद आहे, आणि मागितली तर द्यावी लागते. समोर उघडून जे मोडलं असेल त्याची नोंद करून घ्यायची. इतर ठिकाणी सही करताना पावतीवरच ‘खोका फाटलेला, आत तपासलेला नाही’ असं लिहा. तक्रार लेखीच द्या. रेल्वेसाठी मुदत माल सोपवल्यापासून सहा महिने, ट्रान्सपोर्टसाठी बुकिंगपासून १८० दिवस, पण पहिल्या दोन दिवसांत दिलेल्या पत्राचं वजन वेगळंच असतं.

खोका उघडताना अखंड व्हिडिओ घ्या, सुरी लावण्याआधीपासून. जोडणी झाल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नका. मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवा, एकेक गिअर टाका आणि सगळ्यात मोठ्या दात्यावर डिरेलर आऱ्यांपासून लांब आहे का ते खाली वाकून पाहा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, हँडलपाशी टकटक जाणवली तर आवळा. हे झाल्यावरच विकणाऱ्याला ‘व्यवस्थित पोचली’ असं लिहा, कारण त्या दोन शब्दांनंतर त्याच्याकडे काही मागता येत नाही. खोका आणि आतला फोम महिनाभर माळ्यावर ठेवा. दावा लावावा लागला आणि पाहणीला कोणी आलं, तर ते आधी खोकाच मागतात.