घरच्या पंगतीचा बेत आखताना या चुका टाळा

साक्षगंध, बारसे, वास्तुपूजा किंवा मुलांचा वाढदिवस असला की गावाकडे पंचवीस-तीस माणसांचे जेवण घरीच होते, आणि आचारी बोलावण्याइतके ते मोठे नसल्यामुळे सारा भार घरातल्या दोन-तीन जणींवर येतो. अशा जेवणात जे बिघडते, त्यातले बरेचसे चूल पेटण्यापूर्वी, बेत ठरवतानाच बिघडलेले असते.

आपल्या विदर्भात हमखास होणारी चूक म्हणजे ताटात सगळीकडे हरभऱ्याची डाळ. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, कढी, आलूची भजी, सांभारवडी (कोथिंबिरीची वडी) आणि गोडाला बुंदी, असा बेत ऐकायला भरगच्च वाटतो. पण पाटोडी बेसनाची, गोळे हरभऱ्याच्या डाळीचे, कढीला लावलेले पीठ बेसनाचे आणि भजी, वडी, बुंदीही त्याचीच. त्यावर रस्स्याची तर्री आणि गोळाभातावरचे फोडणीचे तेल आले की जेवणारा दुपारभर अस्वस्थ राहतो. हरभऱ्याचा एकच पदार्थ मानाचा ठेवावा आणि बाकीचे ताट त्याला सांभाळून घेणारे असावे. पाटोडीचा रस्सा ठरला असेल, तर तुरीचे साधे वरण, पांढरा भात, एखादी कोरडी पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि मठ्ठा एवढे पुरते. गोळाभात करायचा असेल, तर त्या दिवशी रस्सा वांग्याचा करावा आणि भजी सोडून द्यावीत. तळलेला पदार्थ एकच ठेवावा. पापड-कुरड्याही तळलेल्याच असतात, हे बेत ठरवताना सोयीस्करपणे विसरले जाते.

दुसरी चूक पोळ्यांच्या हिशेबाची आहे. माणशी तीन पोळ्या धरल्या, तर तीस माणसांना नव्वद पोळ्या लागतात. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या साधारण तीस पोळ्या होतात, म्हणजे कणीक तीन किलो झाली. एका तव्यावर एका पोळीला दीड मिनिट धरले, तरी करणारी बाई सव्वादोन तास जागची हलू शकत नाही, आणि त्याच वेळात पाटोडी थापायची, भात उतरवायचा व पाहुण्यांना पाणीही द्यायचे असते. अशा दिवशी गोडाला पुरणपोळी ठरवणे म्हणजे घरातल्या बाईला पंगत उठेपर्यंत चुलीपुढे अडकवणे होय, आणि ते ठरवणारा बहुधा बाहेर खाटेवर बसलेला असतो. त्यापेक्षा आधी होऊन जाणारे गोड निवडावे. शिरा सकाळी करता येतो, उन्हाळ्यात आमरस आहे, आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात असतील त्या दिवसांत जेवणानंतर सोललेली संत्री ठेवली, तरी कोणी नावे ठेवत नाही. वाढण्याच्या क्षणी हात गुंतवणारा पदार्थ एकापेक्षा अधिक नसावा.

पाटोडी हा तसाच पदार्थ आहे. वड्या आधीच रस्स्यात सोडून ठेवल्या, तर त्या रस्सा पितात, फुगतात आणि वाढेपर्यंत गंजात (पातेल्यात) अर्ध्या विरघळून रस्सा पिठल्यासारखा घट्ट होतो. वड्या थापून, कापून परातीत झाकून ठेवाव्यात, रस्सा वेगळा उकळत ठेवावा आणि पाने मांडली गेली की वाटीत वड्या घालून वरून रस्सा ओतावा. तीस जणांना एक किलो बेसन पुरते.

बाकीची मापेही लिहून ठेवावीत. पोळी असताना माणशी ८० ग्रॅम तांदूळ, म्हणजे सुमारे अडीच किलो, आणि तुरीची डाळ सव्वा किलोच्या आसपास धरावी. वांगी साडेतीन ते चार किलो लागतात.

भाजी ठरवताना आठवडी बाजाराचा वार पाहावा. बाजार रविवारी आणि कार्यक्रम गुरुवारी असेल, तर पालक-मेथीचा बेत करू नये; त्या दिवसासाठी आलू, कोहळे किंवा पत्ताकोबी घ्यावी. हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले शेतातूनच मिळतात, मात्र सोलायला हात आणि वेळ लागतो, तेव्हा शेंगा आदल्या संध्याकाळी सोलून घ्याव्यात. मसाल्याचे वाटणही वीज असेल तेव्हा आदल्या दिवशीच करून ठेवावे; ऐन वेळी वीज गेली, तर तीस माणसांचे वाटण पाट्यावर होत नाही.

उन्हाळ्यातली चूक मात्र केवळ गैरसोयीची नसून आजाराची आहे. पारा ४५ अंशांवर असताना सकाळी केलेला भात झाकून रात्रीच्या पंगतीपर्यंत ठेवणे धोक्याचे आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि शिजलेल्या भातात तयार होणारे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात पंगतीच्या तासभर आधी लावावा, रस्सा व वरण मंद आचेवर कडकडीत ठेवावे आणि खवा-बासुंदीचे गोड मे महिन्यात टाळावे. उरलेले अन्न शेजारी वाटायचे असेल, तर ते लगेच वाटावे. रात्रभर घरात ठेवून सकाळी वाटू नये.

निमंत्रण देतानाच त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी आहे का, हे पाहावे. उपवास करणारी दोन-चार माणसे असली, तर साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा, कारण ऐन वेळी तो भिजत नाही. साखरेचा आजार असलेल्यांसाठी वेगळे ताट करण्याची गरज नसते. वरण, भाजी, कोशिंबीर भरपूर असली की ते भात आणि गोड आपसूक कमी घेतात. मुलांसाठी मात्र रस्स्याला तिखट घालण्याआधीच एक गंज बाजूला काढावा.

तरीही काही बिघडलेच, तर घाबरून पाणी ओतू नये. रस्सा फार तिखट झाला असेल, तर भाजलेल्या शेंगदाण्याचे किंवा तिळाचे वाटण घालून उकळी काढावी आणि पानात दही वाढावे. मीठ जास्त झाले, तर कच्च्या आलूच्या फोडी टाकण्याचा उपाय सांगितला जातो, पण त्या फोडी खारट पाणी शोषतात, उरलेल्या रस्स्याचा खारटपणा तसाच राहतो. त्याऐवजी थोडा रस्सा काढून घेऊन बिनमिठाचे वाटण व गरम पाणी घालावे. कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून मीठ वाढताना घालावे.

माणसे अचानक वाढली, तर पोळ्या लाटत बसू नये. दुसऱ्या शेगडीवर भाताचा एक गंज चढवावा, वरणात उकळते पाणी घालून वरून लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी आणि घरातल्या बेसनाचा झुणका करावा. कांदा चिरलेला असेल, तर झुणका वीस मिनिटांत पानात येतो, आणि पाटोडी संपली असेल तर त्या दिवशी हरभऱ्याचा दुसरा पदार्थ माफ आहे.